आयत्या घरात नागोबा

‘आयत्या बिळावर नागोबा’ ही म्हण आपण सगळेच वापरतो. बहुधा दुसऱ्याच्या कष्टावर हक्क सांगणाऱ्या माणसाबद्दल. ज्या कुणी ती पहिल्यांदा उच्चारली असेल, त्याचं निसर्गाचं निरीक्षण मात्र पक्कं होतं. नाग स्वतः बीळ खणत नाही. खणायला त्याला ना पाय, ना नखं. उंदरा-घुशीनं पोखरलेलं बीळ किंवा वाळवीनं उभारलेलं वारूळ मोकळं मिळालं, की तो तिथं मुक्काम करतो. मादी अंडीही तिथंच घालते. वारूळ नागाचं नसतंच. ते वाळवीचं असतं.

अलीकडे या नागोबाला आयत्या बिळातून आयत्या घरात आणण्याचं एक वेड काही तरुणांमध्ये दिसतं. साप पकडून सोडण्याच्या कामामुळे मला शाळा-कॉलेजांतून बोलायला बोलावतात. व्याख्यान संपलं, की दोन-तीन मुलं हमखास मागं रेंगाळतात. सगळ्यांसमोर न विचारलेला प्रश्न मग हळूच येतो, ‘सर, नागाची जोडी घरात ठेवली तर पिल्लं होतील का?’

या प्रश्नाला नुसतं ‘नाही’ म्हणून हाकलून लावणं मला पटत नाही. कारण खरं उत्तर ‘होऊ शकतात’ असं आहे. सर्पोद्यानांत नागांनी अंडी घातली आहेत, पिल्लंही निघाली आहेत. त्यात चमत्कार नाही. पण अंड्यातून नाग बाहेर काढणं आणि नाग पाळणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली जमते, म्हणून दुसरीही जमेल असं माणसाला वाटतं, आणि घोटाळा तिथंच होतो. म्हणून हा विषय मुळापासून पाहू.

पहिली अडचण जोडी ओळखण्याची. आपल्याकडे समज असा, की नाग हा नर आणि धामण ही त्याची मादी. पावसाळ्याच्या तोंडावर शेताच्या बांधावर दोन साप एकमेकांना पीळ घालून उभे राहिलेले दिसले, की ‘नाग-धामणीचं लागलंय’ म्हणून लोक हात जोडतात. प्रत्यक्षात ते बहुतेक वेळा दोन धामणींचं युद्ध असतं, आणि त्या दोन्ही नर असतात! धामण हा वेगळा, बिनविषारी साप. नागाची मादी नागासारखीच दिसते. फण्यावरचा दहाचा आकडाही त्यात मदत करत नाही. तो नरावर असतो, मादीवरही असतो आणि काही नागांवर धड उमटलेलाच नसतो. शेपटीची लांबी आणि जाडी पाहून जाणकार अंदाज बांधतो, आणि त्यासाठी नाग हातात धरावा लागतो.

निसर्गात नाग-नागिणीचा मीलनकाळ साधारण हिवाळ्याच्या अखेरीस असतो. उन्हाळ्यात मादी अंडी घालते. बहुधा १२ ते ३० च्या दरम्यान. अंडी पांढरी, लांबट, आणि कवच कोंबडीच्या अंड्यासारखं कडक नसून चामड्यासारखं चिवट असतं. मादी अंड्यांजवळ राहून त्यांची राखण करते. साधारण ५० ते ७० दिवसांत पिल्लं बाहेर येतात, ती नेमकी पावसाळ्यात. हा योग मोठा विलक्षण आहे. जून-जुलैत शिवारात इवल्या बेडक्यांचा सुकाळ असतो, आणि वीतभर नागाला गिळता येईल एवढाच तो घास असतो. निसर्गानं ताट वाढून ठेवलेलं असतं. घरातल्या डब्यात अंडी उबवणाऱ्याला ते ताट वाढता येत नाही. तिकडे मी पुढे येतोच.

अंडी उबवण्याची वेळ सर्पमित्रांवर खरोखरच येते. घराचा पाया खणताना, विहिरीचा जुना कठडा पाडताना, जेसीबीनं बांध सपाट करताना बीळ फुटतं आणि अंडी उघडी पडतात. मादी निघून गेलेली किंवा मारली गेलेली असते. अंडी तिथंच ठेवली तर मुंगूस, घोरपड, कुत्री नाहीतर मुंग्या त्यांचा फडशा पाडणार. अशा वेळी वन विभागाला कळवून, त्यांच्या परवानगीनं अंडी कृत्रिमरीत्या उबवली जातात. महाराष्ट्रात अनेक गावांत हे झालं आहे. असं काम मी केलं आहे, म्हणून त्यातले बारकावे सांगतो.

कोंबडी आपली अंडी दिवसातून अनेकदा फिरवते. सापाच्या अंड्यांचं उलट असतं. अंडं घातल्यावर लवकरच आतला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो. त्यानंतर अंडं उलटं झालं, तर गर्भ दगावू शकतो. म्हणून उघड्या पडलेल्या अंड्यांना हात लावण्याआधी प्रत्येकाच्या वरच्या बाजूला पेन्सिलनं फुली करायची, आणि जसं होतं तसंच, फुली वर ठेवून उचलायचं. अंडी एकमेकांना चिकटलेली असतील तर सोडवायला जायचं नाही. घोसाचा घोस उचलायचा.

पुढचं काम संयमाचं. झाकणाला भोकं पाडलेला प्लॅस्टिकचा डबा, त्यात काथ्याचा ओलसर भुसा. ओल किती? भुसा मुठीत दाबला तर पाणी ठिबकू नये, पण हाताला गारवा लागावा. त्यापेक्षा जास्त ओल झाली की बुरशी, कमी झाली की अंडी सुकून चिपाडं. तापमान २८ ते ३० अंश सेल्सिअसच्या आसपास. मे महिन्यात पत्र्याच्या घरात ते सहज त्याच्या वर जातं, म्हणून डबा घरातल्या थंड, अंधाऱ्या कोपऱ्यात. आणि मुंग्यांसाठी आपल्या आजीची युक्ती: पाणी भरलेली परात आणि तिच्या मधोमध डबा. फळलेली अंडी ओल शोषून हळूहळू टपोरी होतात. न फळलेली पिवळी पडतात, खचतात, बुरशी धरतात.

शेवटच्या दिवसांत टपोरी अंडीही जरा मऊ पडतात. मग एके दिवशी कवचावर ब्लेडनं मारावी तशी बारीक चीर दिसते. पिल्लाच्या वरच्या ओठाशी एक इवलासा तात्पुरता दात असतो. त्यानं ते कवच फाडतं. हा दात पुढे गळून जातो. चिरेतून आधी नाकाचं टोक येतं, मग डोळे. आपली सावली पडली की डोकं झटकन आत! कधी कधी पिल्लू दिवसभर असं डोकावत बसतं. घाई करून त्याला बाहेर ओढायचं नसतं. आतला उरलासुरला बलक ते पोटात घेत असतं. हाच बलक त्याची पहिल्या दिवसांची शिदोरी.

आणि मग पिल्लू बाहेर येतं. लांबी जेमतेम २५-३० सेंटिमीटर, जाडी पेन्सिलीएवढी. डब्याला जरा धक्का लागला, की हे एवढंसं पोर अंग उचलून फणा काढतं, फुस्स करतं. त्याला हे कुणी शिवकलेलं नसतं. माणसाचं मूल वर्षभरानं चालतं, वासरू तासाभरात उभं राहतं. पण नागाचं पिल्लू संपूर्ण नाग म्हणूनच जन्माला येतं. विषग्रंथी भरलेल्या, दात तयार. पिल्लाजवळ विष कमी असतं हे खरं, पण त्याचा दंश झालेल्या माणसालाही तितक्याच तातडीनं दवाखाना गाठावा लागतो.

या क्षणापर्यंत सगळं एखाद्या छान प्रयोगासारखं असतं. फोटो निघतात, शेजारीपाजारी पाहून जातात. ‘घरच्या घरी नागाची पिल्लं’ म्हणून व्हिडिओ फिरतात. ज्यांनी परवानगीनं अंडी उबवली, ते पिल्लांनी साधारण आठ-दहा दिवसांत पहिली कात टाकली की वन विभागाच्या देखरेखीखाली त्यांना योग्य जागी, पसरून सोडून देतात. बलकाच्या शिदोरीवर तोवर भागतं. हाताळणी जितकी कमी तितकी बरी.

ज्याला ती घरात ठेवायची असतील, त्याची कसोटी मात्र इथून सुरू होते. नाग इतर सापही खातो, आपल्या भावंडाला गिळायलाही कमी करत नाही. म्हणजे सोळा पिल्लांना सोळा वेगळे डबे. प्रत्येक पिल्लू आठवड्याला एकदा खातं असं धरलं, तरी महिन्याला साठाच्या वर घास. घास तरी कसले? इवल्या बेडक्या, पालीची पिल्लं, डोळेही न उघडलेली उंदराची पिल्लं. ती कायम मिळायची तर घरात उंदरांचा वेगळा संसार मांडावा लागेल. शिवाय बरीच पिल्लं डब्यात तोंडच उघडत नाहीत. उपाशी राहून मरतात. दुधाची वाटी पुढं करून उपयोग नसतो. सापाला दूध पचत नाही. गारुड्याचा नाग दूध पितो, कारण त्याला दिवसच्या दिवस पाण्यावाचून ठेवलेलं असतं.

समजा, एखादं पिल्लू जगलं. पुढे ते मीटर-सव्वा मीटरचं होईल आणि बंदिवासात वीस वर्षंही जगू शकेल. या वीस वर्षांत त्याला तुमची सवय होईल का? थोडीफार होते. रोज दिसणाऱ्या हालचालीला ते दर वेळी फणा काढणार नाही. पण सवय म्हणजे ओळख नव्हे, आणि माया तर नव्हेच. कुत्रा माणसाळला तो हजारो वर्षांच्या निवडीतून. मुळात तो कळपात राहणारा प्राणी. कळपाची निष्ठा त्यानं माणसाला दिली. नाग एकटा राहणारा. पिल्लांचं अंडं फुटल्यावर आईचं आणि त्यांचं नातं संपतं. जिथं आईशी नातं नाही, तिथं मालकाशी कुठून येणार? घरात जन्मलेला नागही तितकाच रानटी असतो, जितका वारुळातला. फरक एवढाच, की घरातल्याला उंदराचा वास आणि तुमच्या हाताचा वास एकाच वेळी येतो. खाऊ घालताना झालेल्या दंशांमागे बहुधा हेच असतं.

जगात घरोघरी नाग वाढवणारी गावं नाहीत असं नाही. चीनच्या झेजियांग प्रांतातल्या झिसिकियाओ गावात १९८० च्या दशकापासून कुटुंबंच्या कुटुंबं सापांची पैदास करत आली. व्हिएतनाममधलं विन्ह सोन हे गाव तर नागांसाठीच प्रसिद्ध. पण तिथं नाग हौसेसाठी नव्हते, तर आपल्याकडच्या कुक्कुटपालनासारखे, मांसासाठी, औषधी दारूसाठी. दंश हा धंद्यातला धोका म्हणून धरलेला. करोनाच्या साथीनंतर फेब्रुवारी २०२० मध्ये चीननं जमिनीवरच्या वन्य प्राण्यांच्या मांसभक्षणावर आणि त्यासाठीच्या व्यापारावर बंदी घातली, आणि या धंद्याचा मोठा आधारच गेला.

हौशी लोकांचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या रॅले शहरात जून २०२१ मध्ये एका घराच्या ओसरीवर आफ्रिकेतला झेब्रा नाग दिसला. हा विषाची पिचकारी मारणारा साप. तपासात कळलं, की जवळच्याच एका घरातून तो काही महिन्यांपूर्वी निसटला होता आणि कुणाला सांगितलंच गेलं नव्हतं. तो पकडला जाईपर्यंत अख्खी वस्ती जीव मुठीत धरून होती. ती मोकळी बैठी घरं होती. आपल्या चाळीत किंवा सोसायटीत पेन्सिलीएवढं पिल्लू मोरीच्या जाळीतून शेजारच्या मोरीत जायला किती वेळ लागेल? हौस एकाची असते, धोका सगळ्या मजल्याचा.

काही जणांच्या डोक्यात हौसेऐवजी पैसा असतो. नागाच्या विषाला कोटींचा भाव असल्याच्या बातम्या ते वाचतात. त्यांना सांगावंसं वाटतं, की प्रतिविष बनवणारी संस्था कुणाच्या घरातल्या बाटलीतलं विष विकत घेत नाही. तिला परवानाधारक पुरवठादार लागतो. कोणत्या सापाचं, कुठलं, कधी काढलेलं याची नोंद लागते. विष गोठवून वाळवलेलं लागतं. देशातलं बरंचसं विष येतं तमिळनाडूतल्या इरुला आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून. ही संस्था १९७८ पासून काम करते. तिचे सदस्य रानातून साप पकडतात, काही आठवडे ठेवून ठरावीक वेळा विष काढतात, पोटाच्या खवल्यांवर खूण करतात आणि साप पुन्हा सोडून देतात. २०२३ मध्ये वडिवेल गोपाल आणि मासी सडैयन या दोघा इरुला सर्पज्ञांना पद्मश्री मिळाली, ती या पिढीजात ज्ञानासाठी. हे विष घोड्यांना अल्प मात्रेत टोचून त्यांच्या रक्तातून प्रतिविष तयार होतं. मुंबईत परळला १८९९ मध्ये स्थापन झालेल्या हाफकिन संस्थेचं या कामातलं नाव जुनं आहे.

इथं एक महत्त्वाची गोष्ट सांगितली पाहिजे. एकाच जातीच्या नागाचं विष देशभर सारखं नसतं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं आहे, की प्रदेशागणिक विषाची घडण बदलते, आणि एका भागातल्या विषावर तयार केलेलं प्रतिविष दुसऱ्या भागात कमी प्रभावी ठरू शकतं. म्हणजे नाग शास्त्रीय पद्धतीनं ठेवण्याची, कदाचित वाढवण्याचीही, गरज आहेच. पण ती घरात नाही, तर प्रदेशाप्रदेशात, पशुवैद्य आणि प्रतिविष हाताशी असलेल्या संस्थांमध्ये. ज्या मुलांना नागाची खरीच ओढ आहे, त्यांच्यासाठी हा रस्ता आहे. प्राणिशास्त्र शिका, सर्पोद्यानात काम करा, विषावर संशोधन करा.

कारण प्रश्न लहान नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं दगावली असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक ग्रामीण, शेतात राबणारी माणसं. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे, असा राष्ट्रीय कृती आराखडा केंद्र सरकारनं २०२४ मध्ये जाहीर केला. शेतकऱ्याला नाग चावतो तो अपघात. ज्याच्या घरात नागांचे डबे आहेत त्याला चावतो, तेव्हा गावाच्या दवाखान्यातल्या मोजक्या कुप्या त्याच्यावर खर्ची पडतात. नागाच्या दंशात सुरुवातीलाच आठ-दहा कुप्या लागतात. त्याच रात्री दुसरा कुणी दंश होऊन आला तर?

कायद्याचं म्हणाल तर तो स्पष्ट आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, १ एप्रिल २०२३ पासून, नाग त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. या कायद्यात ‘प्राणी’ या शब्दात त्याची पिल्लं आणि अंडीही येतात. सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी किंवा घरटं विस्कटणं हीसुद्धा कायद्याच्या भाषेत शिकार आहे. बेकायदा बंदिस्त ठेवलेला किंवा तिथं जन्मलेला वन्य प्राणी सरकारी मालमत्ता ठरतो. शिक्षा तीन ते सात वर्षांचा तुरुंगवास आणि वर दंड. ‘मी पकडला नाही, माझ्याकडेच जन्मला’ ही सबब चालत नाही. हे सर्पमित्रांनाही लागू आहे. ओळखपत्र खिशात आहे म्हणून नाग घरी ठेवता येत नाही.

तेव्हा व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगून थांबतो. कुठं अंडी सापडली आणि तिथलं काम थांबवता येण्यासारखं असेल, तर ती हलवू नका. माती परत लोटा, दोन महिने ती जागा सोडा. थांबवणं शक्यच नसेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा आणि माणूस येईपर्यंत अंड्यांवर ओलं पोतं टाकून सावली करा. जवळ मादी असू शकते, हे विसरू नका. आणि कुणाला दंश झालाच, तर जखम कापू नका, चोखू नका, करकचून दोरी बांधू नका. अंगठी, बांगड्या, पैंजण काढा, दंश झालेला हात किंवा पाय न हलवता ठेवा, १०८ ची रुग्णवाहिका बोलवा आणि प्रतिविष असलेलं रुग्णालय गाठा. पापण्या जड होणं, बोलणं अडखळणं, श्वास लागणं ही नागाच्या विषाची लक्षणं. ती दिसायची वाट पाहू नका.

नागपंचमीला आपण नागाची पूजा करतो आणि त्या दिवशी जमीन खणत नाही, नांगरत नाही. ही रीत घालून देणाऱ्यांना नागाचं घर जमिनीत आहे हे ठाऊक होतं. ते घर मोडू नये एवढीच त्यांची अपेक्षा होती. त्याला आपल्या घरात आणून ठेवा, असं त्यांनी कुठंच सांगितलेलं नाही. नागानं आमच्या शिवारातले उंदीर खावेत, वारुळात नांदावं, आणि आपण त्याच्या वाटेतून बाजूला व्हावं. या शेजारधर्मातच दोघांचंही भलं आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)